फातमाबीची ट्रंक आणि होडीतली नावं

दिगंबर मास्तराने मला फसवलं. हिंगोलीचा प्रवास मी ठरवला, खर्च मी केला, साहेबाच्या वह्यांतल्या जनावरांची नावं मी सोडवली, आणि छापील लेखावर नाव आलं ते त्याचं एकट्याचं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे रस्ता, गावं, जेवणखाण सगळं येईल, कारण आमच्या खाडीवरचं दुसरं कोणी तिकडे गेलेलं नाही आणि लोक विचारत असतात. पण वाचताना मूळ गोष्ट विसरू नये. तोंडावर मी मास्तराला अजून अहो-जाहो करतो. कागदावर करणार नाही.

माझा धंदा शंख-शिंपल्यांचा. पोरवयात होडीत साचलेलं पाणी उपसायचं काम केलं, मग चुन्याच्या भट्ट्यांना शिंपले पुरवले, आणि आता मुंबईच्या बटणवाल्यांना आणि हौशी साहेबलोकांना माल पाठवतो. शाळा दुसरीत सुटली. वडिलांनी मागे काही ठेवलं नव्हतं, त्यामुळे जे आहे ते भाव करून मिळवलेलं आहे, आणि मला त्याची लाज नाही.

एका हिवाळ्यात घोंगड्या विकणारा एक फिरस्ता दुकानात टेकला. निजामाच्या राज्यातला, परभणीकडच्या हिंगोलीचा. फळीवरचे शंख बघून म्हणाला, "असली चित्रं आमच्या गावात पिंजाऱ्याच्या घरी हायेत. म्हातारीच्या ट्रंकेत." खोदून विचारल्यावर हकीकत कळली ती अशी. फार वर्षांपूर्वी पलटणीतला एक डॉक्टरसाहेब आमच्या किनाऱ्याने होडी घेऊन फिरला. दिसेल तो मासा, खेकडा, पक्षी त्याने वहीत उतरवला. पुढे त्याची बदली हिंगोलीच्या छावणीत झाली आणि तिथेच तो तापाने गेला. छावणी उठली. ट्रंक त्याच्या खानसाम्याकडे राहिली, आणि आता ती खानसाम्याच्या मुलीकडे, पिंजाऱ्याच्या घरात दिलेल्या फातमाबीकडे होती.

मला त्या मेलेल्या साहेबाचाही हेवा वाटला. पाणी आमचं, जनावरं आमची, आणि लिहून ठेवलं कोणी, तर चार दिवसांच्या पाहुण्याने. पण वह्या इंग्रजीत, आणि मला इंग्रजी येत नाही. म्हणून मी दिगंबर मास्तराकडे गेलो. तो आमच्या वरच्या वाडीतला, भटजींच्या घरातला, इंग्रजी शाळेत शिकवणारा. आमच्यात विड्याच्या पानावर सुपारी ठेवून ठरलं: वाचणं त्याचं, नावं माझी, प्रवासखर्च माझा, आणि कुठे छापून आलं तर दोघांची नावं. सुपारी त्याने उचलली. खाल्लीसुद्धा.

करोडगिरीचा नाका

आगबोट आणि रेल्वे यांबद्दल लिहीत नाही. बसून राहिलं की माणूस पोचतो. लिहिण्यासारखं पहिल्यांदा घडलं ते निजामाच्या हद्दीत शिरताना, करोडगिरीच्या नाक्यावर. तिकडे जकातीला करोडगिरी म्हणतात आणि सामान उघडून बघतात. माझ्या पेटीत कपड्यांखाली सुके बांगडे होते, कारण घाटावर मासळी मिळत नाही हे मी ऐकून होतो. शिपायाने झाकण उचललं आणि लगेच खाली टाकलं.

"इसमें क्या मरा है?"

मी मासे म्हणालो. त्याने कारकुनाला बोलावलं, कारकुनाने नाकाला रुमाल लावून दुसऱ्याला बोलावलं. तेवढ्यात कोणीतरी मास्तराला विचारलं की तुम्ही यांच्याबरोबर का. मास्तर लिंबाच्या झाडाकडे बघत होता. तो म्हणाला, "गाडीत ओळख झाली."

त्याच्या तिकिटाचे पैसे माझ्या कनवटीतून गेले होते. मला तिथेच सावध व्हायला हवं होतं. मासे मात्र सुटले. जकात लावायची तर वजन करावं लागतं, वजन करायचं तर हात लावावा लागतो, आणि हात लावायला कोणी पुढे आलं नाही.

हिंगोली

आमच्याकडे मान वर केल्याशिवाय आभाळ दिसत नाही, मध्ये माड असतात. हिंगोलीला आभाळ पायापासून सुरू होतं. काळी जमीन सपाट पसरलेली, वेचणीला आलेला कापूस, उभी ज्वारी, आणि कापसाच्या गाड्यांची रांग. पहिल्या रात्री मला झोप लागेना; कानाला काहीतरी कमी पडत होतं. लाटांचा आवाज नव्हता. नदी आहे म्हणाले, कयाधू तिचं नाव, म्हणून सकाळी मुद्दाम बघायला गेलो. बायका धुणं धूत होत्या आणि एक म्हैस नदीच्या मधोमध बसली होती. तिची पाठ कोरडी होती.

लोक मात्र बोलके. "कुठून येऊन राहिले?" असं अनोळखी माणूस विचारतो, आणि उत्तर ऐकायला थांबतो. मी दर्याकाठचा म्हटल्यावर एकाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू मी ओला असायला हवा होतो.

आम्ही धर्मशाळेत उतरलो आणि पिंजाऱ्यांच्या गल्लीत गेलो. फातमाबी साठीच्या पुढची, बारीक, ताठ. तिचा मुलगा करीमभाई ओट्यावर कापूस पिंजत होता; धनुष्यासारख्या पिंजणीच्या तातीचा टणत्कार अख्ख्या गल्लीभर घुमत होता. आम्हाला बाजेवर बसवलं. कोपऱ्यात गोधडीखाली ट्रंक दिसली. मी वेळ घालवत नाही. म्हणालो, "फातमाबी, जागा अडवून बसली आहे ती. किंमत बोला."

तिने ओढणी सारखी केली. "सेठ, ती अमानत हाय. साहेबानं माझ्या बाबाच्या हातात देल्ती. म्हणला, दर्यावरून कोणी इचारत आलं तर त्याला दाखव."

"अमानतीलाही धनी असतो. धनी मेला. आता किंमत बोला."

"धनी मेला म्हणून तर अमानत. जिता असता तर नुसतं सामान म्हणले असते."

आमच्या बाजारात 'नाही' याचा अर्थ 'अजून वर या' असा असतो. मी वर गेलो. आणखी वर गेलो. करीमभाईने पिंजणी खाली ठेवली आणि तो बाहेर निघून गेला. तेव्हा आतापर्यंत गप्प बसलेल्या मास्तराने तोंड उघडलं. "आम्हाला ट्रंक नको, बाई. इथेच बसून उतरवून घेऊ द्या, एवढंच."

ज्याने कधी शेरभर तांदूळ तरी घासाघीस करून घेतले आहेत त्याला कळेल की हे काय केलं. एका बाजूची दोन माणसं सौद्याला बसली की बोलायचं एकाने. दुसऱ्याने मध्ये तोंड घातलं की पहिल्याची किंमत जाते. फातमाबीने कमरेच्या करगोट्याची किल्ली सोडली आणि दिली ती त्याच्या हातात. मी शेजारीच बसलो होतो. माझा हात रिकामा होता.

काम सुरू झालं. साहेबाचं लिखाण पेन्सिलीचं, पुष्कळ ठिकाणी खाऱ्या पाण्याने धुतलेलं. कागद खिडकीशी तिरपा धरला की अक्षर उठून दिसे. मास्तर वाचून मराठीत अर्थ सांगे, मी नाव सांगे, तो लिही. पहिल्या दिवशी शाई वाळायच्या आत करीमभाईचा कापूस उडून पानांवर बसला आणि सगळ्या खेकड्यांना केस आले. मग ठरलं की सकाळी आम्ही लिहायचं आणि दुपारनंतर त्याने पिंजायचं. त्याच्या धंद्याचा अर्धा दिवस आम्ही खाल्ला, पण तो बोलला नाही.

दुसऱ्या वहीत मास्तर अडला. पुन्हा पुन्हा वाचून म्हणाला, "शेट, इथे लिहिलंय, 'खडकाजवळ जाळ्यात भट सापडला. पोट वाऱ्याने फुगलेलं. माणसं थुंकली आणि भटाला परत पाण्यात टाकलं.' साहेबाला तेव्हाच ताप होता काय?"

मी इतका हसलो की उरलासुरला कापूस उडाला. "मास्तरांनू, ह्या नाव होडयेतला. घरातला नाय."

वाचकांपैकी जे वरच्या वाडीतले असतील त्यांच्यासाठी सांगतो. जाळं पाण्यात असताना आमच्या खाडीवर काही जनावरांचं खरं नाव घेत नाहीत. घेतलं तर जाळं रिकामं येतं. केंड मासा हातात धरला की पोट फुगवतो, म्हणून होडीत तो 'भट'. कासव 'म्हातारी'. साप 'दोरी'. होडी किनाऱ्याला लागली की ही नावं पाण्यातच सोडायची, घरी बायकापोरांसमोर काढायची नाहीत. त्यामुळे होडीत बसलेल्यालाच ती ठाऊक. साहेबाने होडीत जे ऐकलं तेच भाबडेपणाने लिहून ठेवलं होतं. शिवाय केंडाला भट फक्त आमच्याच खाडीवर म्हणतात. पलीकडच्या काठावर वेगळं म्हणतात. म्हणजे साहेबाचा तांडेल, त्याची होडी चालवणारा, आमच्याच वाडीतला होता. साहेबाने त्याचं नाव लिहिलेलं नाही. 'माझा तांडेल' एवढंच, पानापानावर.

मास्तराने 'केंड' लिहिलं. उंबऱ्यावर बसलेल्या फातमाबीने हसण्याचं कारण विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "मास्तर, तुमाला पाण्यात फेकून देलं की हो." सगळे हसले. तेवढा एक दिवस तिथे माझा होता.

त्यानंतर पानागणिक हेच. म्हातारीने वाळूत अंडी घातली, दोरी जाळ्यात आली. माझ्यावाचून त्या वह्या म्हणजे वेड्याची बडबड होती. मी नाव सांगायचं, मास्तराने मान हलवायची आणि खाली घालायची. त्याच्या अक्षराचं घरात कौतुक. शेजारच्या बाया येऊन अक्षर बघून जायच्या. नाव बघायला कोणी आलं नाही.

एकदा फातमाबीने विचारलं, "दर्या कसा राह्यतो?" विचारलं मास्तराला. तो म्हणाला, "लेकरू झोपल्यावर त्याचा श्वास ऐकू येतो ना, तसा. रात्रभर." तिने करीमभाईला बोलावून ते पुन्हा सांगायला लावलं. हा मास्तर कमरेइतक्या पाण्यापुढे कधी गेलेला नाही. माझ्या नाकातोंडात दर्या किती वेळा गेला आहे, आणि मी तिथे हातभरावर बसलो होतो. मी म्हणालो, "खारट असतो." कोणी वळून पाहिलं नाही.

जेवणाचं सांगायचं तर मी फातमाबीकडेच जेवलो. आमच्यासारखा रोजचा भात तिकडे नाही. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेचा पहिल्यांदा खाल्ला तेव्हा डोळ्यांतलं पाणी लपवायला मी घंगाळाकडे गेलो. एक दिवस खिचडी आणि चिंचेचा खट्टा केला, तो मात्र मी हात चाटून खाल्ला. माझे बांगडे तिने निखाऱ्यावर भाजले. गल्लीतली कुत्री दारात जमली. एक तुकडा तोंडात घालून ती म्हणाली, "हे मासं हाय का मिठाचं लाकूड?" आणि दुसरा घेतला.

मास्तराने त्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. सोवळं. धर्मशाळेत जाऊन हाताने शिजवायचा. मला वाटलं, निदान या बाबतीत तरी पारडं माझ्याकडे झुकेल. तर फातमाबीने शेजारच्या वाण्याच्या हस्ते त्याला शिधा पाठवला: डाळ, गूळ, आणि वर तुपाची वाटी. मी विचारलं, मला तूप का नाही, तर म्हणाली, "तुमी घरचे. घरच्याला काय तूप मोजून वाढतेत का?" तूप मला न मोजताही मिळालं नाही.

कळमनुरी

एकच वही उरली तेव्हा मी ठरवलं की ट्रंकेचं प्रकरण पक्कं करायचं. नकला कितीही सुंदर असल्या तरी ज्याच्याकडे मूळ त्याचा शब्द चालतो. फातमाबीच्या मेलेल्या भावाचा मुलगा, सत्तार, कळमनुरीला बैलांचा व्यापार करतो असं कळलं. आजोबाकडच्या वस्तूत त्याचाही वाटा असणार. निघताना मी मास्तराला सांगितलं, "शेवटच्या वहीला हात लावू नका. ती आपण दोघांनी मिळून करायची." तो म्हणाला, "बरं." हा शब्द लक्षात ठेवावा.

कळमनुरीचा आठवडी बाजार बघण्यासारखा. लाल मिरच्यांचे ढीग, गुळाच्या ढेपा, मातीची गाडगी, आणि पलीकडे बैलबाजार. आमच्याकडे मासळीचा लिलाव घसा फुटेपर्यंत ओरडून होतो. इथे बैल विकताना तोंड बंद. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव करतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. मला ही रीत इतकी आवडली की मी थोडा वेळ आलेलं काम विसरलो.

सत्तार तिशीचा, पानाने ओठ रंगलेला. मी कशासाठी आलो ते ऐकलं आणि काही न बोलता त्याने उपरणं पसरलं. आम्ही दोघं उकिडवे बसलो. त्याची बोटं जाड, पण चलाख. मी त्याला खाली आणला, तो मला वर नेत होता, त्याने दोनदा हात काढून घेतला आणि दोनदा परत घातला. शेवटी मला हवा तो आकडा दाबला गेला. मी विसार दिला. मग तो उठला, पिंक टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझा वाटा तुमचा, सेठ, बराबर. पण चावी फूफीच्या कंबरंला हाय. ते तुमी बघा."

लोक हसले. हसू दे. वाटा कायद्याने माझा झाला होता.

येताना गाडीवानाने बैल सोडायला एका तांड्यापाशी थांबवलं. पूर्वी पाठीवर माल लादलेल्या बैलांचे तांडे हाकणारी ही माणसं. आता शेती करतात. एक म्हातारी बंजारीण पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या ओढणीच्या काठाला कवड्या शिवलेल्या होत्या. मी हात लावू का विचारलं आणि एक कवडी उलटीपालटी करून बघितली. पिवळसर, कडेला गाठी, गुळगुळीत झिजलेली. मी तिला सांगितलं, ही आमच्या किनाऱ्याची नव्हे, दूर बेटांवरची आहे, गलबताने येते.

"आमचे आजे मीठ आणाया दर्यावर जायचे," ती म्हणाली. "तिथूनच आणल्या आसंल. तुमी कवडीवरून गाव सांगता का?"

मी म्हणालो, सांगतो. तिने सुनेला बोलावलं, सुनेने शेजारणीला. त्यांनी ओढण्या, पिशव्या, बैलाच्या झुली आणून दाखवल्या आणि मी एकेक कवडी ओळखत गेलो. एकही कवडी त्यांनी विकली नाही, मी भाव केला तेव्हा तोंडाला पदर लावून हसल्या. पण असा मान मला त्या सबंध मुलखात दुसरीकडे मिळाला नाही. वाईट एवढंच वाटलं की मास्तर तिथे बघायला नव्हता.

पुन्हा हिंगोली

गल्लीत शिरलो तेव्हा पिंजणी चालू होती. मास्तर ओट्यावर बसला होता आणि त्याच्या गळ्यात काळ्या दोरीला एक पितळी भिंग लटकत होतं. शेवटची वही उतरवून झालेली. पानं वाळून रचून ठेवलेली.

"तुम्ही बरं म्हणाला होता," मी म्हणालो.

"फातमाबीच म्हणाल्या की आजच संपवा," तो म्हणाला. "त्यांच्या घरी, त्यांचं कसं मोडायचं?"

फातमाबी बाहेर आली. कळमनुरीची बातमी माझ्या गाडीच्या आधी पोचली होती. "सत्तारला भेटाया गेल्ते ना," ती शांतपणे म्हणाली. "मला इचारलं असतं तर मी न्हाई म्हणले असते, तुमी नाराज झाले असते. आता मी नाराज हाय. साहेबाचं भिंग मी मास्तरला देलं. वह्या बी त्यालाच सुपूर्द केल्या. माझी अमानत फिटली."

माझा संताप कानापर्यंत चढला. मी म्हणालो की साहेबाची होडी आमच्या वाडीच्या तांडेलाने हाकली. त्या वह्यांतला शब्दन् शब्द आमच्या होडीत बोलला गेला. दर्यावरून यायचा तो माणूस मी. हा नव्हे.

ती म्हणाली, "मग पयल्या दिवशी हे काहून न्हाई सांगितलं, सेठ? पयल्या दिवशी तुमी भाव सांगितला."

याला माझं उत्तर आहे आणि ते मी तिथेही दिलं. धंद्याचा माणूस आधी भाव सांगतो, कारण भाव सांगितला म्हणजे समोरच्याला कळतं की याला वस्तू खरोखर हवी आहे. फुकट मागणाऱ्याला ती किती हवी आहे हे कोणाला कळणार? फातमाबी म्हणाली, "आसंल तुमच्याकडं तसं," आणि मला जेवायला वाढलं. राग आला तरी पाहुण्याचं ताट चुकवायचं नाही ही तिकडची रीत. मी जेवलो. ताटात त्या दिवशी तूप होतं.

माझं तिच्याशी भांडण नाही. ती तिच्या रीतीने वागली. पण मास्तराने भिंग हातात घेताना एवढं म्हणायचं होतं की शेट येऊ दे. तीन शब्दांचं काम होतं.

नरसी

निघण्याआधी मास्तराला नरसीला जायचं होतं, नामदेवांचं जन्मगाव म्हणून. करीमभाईने गाडी जोडून दिली. वाटेत एका शेतकऱ्याने हात दाखवून थांबवलं आणि गोवरीच्या आगीत भाजलेला हुरडा, ज्वारीचे कोवळे दाणे, पानावर पुढे केला. पहिलं पान मास्तराला. तिकडे बंद गळ्याचा कोट दिसला की आधी त्यालाच. हुरडा मात्र असा गोड की ओल्या नारळाची आठवण झाली.

देवळाबाहेर बत्तासे-चुरमुऱ्यांची दुकानं, शेतातून थेट आलेले भाविक, कोणाला घाई नाही. मी हात जोडले, पण मन ठिकाणावर नव्हतं. दर्शन करून आम्ही कयाधूच्या काठावर बसलो. मास्तर भिंगातून हातावरचे केस बघत होता. मग बघता बघता, जणू आताच आठवल्यासारखं, तो म्हणाला, "शेट, शेवटच्या वहीत एक नाव आहे. 'पाहुणो'. चित्र काढलेलं नाही. साहेब लिहितो, संध्याकाळी पाहुणो होडीबरोबर चालला, तांडेलाने सगळ्यांना गप्प केलं आणि पाण्यात नारळ सोडला. हा पाहुणो कोण?"

मला ठाऊक होतं. पाणी उपसणाऱ्या पोरालाही पहिल्याच मोसमात सांगतात, कारण तो आला तर काय करायचं हे माहीत असावंच लागतं. मी एकदा बघितलाही आहे.

मी म्हणालो, "वही तुम्ही एकट्याने केलीत. नावंही एकट्यानेच करा."

"असं काय करता? काम दोघांचं आहे."

"मग भिंग माझ्या हातात द्या. निदान स्टेशनापर्यंत."

त्याने भिंग कोटाच्या आत सरकवलं. आम्ही उठलो. परतीच्या वाटेवर त्याने आणखी दोनदा विषय काढला आणि मी दोन्ही वेळा ज्वारीच्या पिकाबद्दल बोललो.

घरी

बांगडे संपले होते, त्यामुळे येताना नाक्यावर कोणी अडवलं नाही. खाडी दिसली तेव्हा मला गहिवरून आलं, आणि मास्तरालाही आलं; हे मी नाकारत नाही.

पावसाळ्यानंतर लेख छापून आला. मुंबईच्या एका विद्वानांच्या त्रैमासिकात, गुळगुळीत कागदावर. माझ्यापर्यंत तो पोस्टमास्तराकडून आला. दिगंबर मास्तराने पाठवला नाही. त्यानेच माझ्या दुकानात बसून मोठ्याने वाचून दाखवला. वर नाव एकट्या दिगंबराचं. आत लिहिलं आहे की टिपणांतील स्थानिक नावं सांकेतिक असल्याचं 'प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात आलं'. भट म्हणजे केंड, म्हातारी म्हणजे कासव, सगळं ओळीने. शेवटी आभार: फातमाबीचे नावानिशी, करीमभाईचे नावानिशी, आणि 'प्रवासात साहाय्य करणाऱ्या एका स्थानिक व्यापाऱ्याचे'.

एका स्थानिक व्यापाऱ्याचे. साहेबाने आमच्या तांडेलाला नावाशिवाय ठेवलं, ते मी समजू शकतो. तो परका होता. हा तर माझ्या दुकानावरून रोज शाळेत जातो. आता दिवाणखान्यात विद्वान पाहुणे आले की तो भिंग गळ्यात घालून त्यांना होडीतली नावं सांगतो, आणि ते वाहवा करतात. खिडकी रस्त्यावर आहे, मला ऐकू येतं.

पण लेखाच्या शेवटच्या पानावर 'पाहुणो' आहे. मास्तराने तिथे लिहिलं आहे, 'बहुधा हिवाळ्यात येणारा एखादा पक्षी.' पोस्टमास्तराने हे वाचलं तेव्हा बाहेर दोरखंड वळत बसलेले आमच्या वाडीचे तीन तांडेल हसायचे थांबेनात. पाहुणो पक्षी नव्हे. कोण आहे ते मी इथे लिहिणार नाही, कारण मास्तर हे वाचणार आहे.

ज्याच्या ध्यानात भट आला, म्हातारी आली, दोरी आली, त्याच्या ध्यानात पाहुणोही यायला हवा. म्हणून माझं मागणं जाहीर आहे. माझ्या दुकानात येऊन गुपचूप बोलणी नकोत, माफीची चिठ्ठी नको, पुढच्या अंकात दुरुस्ती नको. होड्या परततात त्या वेळी दिगंबर मास्तराने धक्क्यावर यावं. भिंग गळ्यात घालूनच यावं. सगळे तांडेल तिथे असतील. त्यांच्यासमोर त्याने पाहुणो कोण ते सांगावं, आणि सांगता आलं नाही तर बाकीची नावं त्याला कोणी सांगितली ते सांगावं. दोन्हींपैकी एक उत्तर मी घेतल्याशिवाय राहणार नाही, आणि या वेळी भाव खाली येणार नाही.